तिसरं ऊन

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात सगुणामावशीकडं पापलेट घ्यायला जाल, तर आधी ती माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग तुम्हाला दाखवणार. तुम्हाला घाई असो, बाहेर रिक्षा उभी असो, तुम्ही किती का जुनं गिऱ्हाईक असा. कल्ला बघितल्याशिवाय मासा पिशवीत पडायचा नाही. आणि ज्या दिवशी टोपलीतला माल तिचा तिलाच पसंत नसेल त्या दिवशी सरळ सांगणार, आज माझ्याकडून काही नेऊ नका, घरी अंडी करा. शेजारी बसणाऱ्या बायका कपाळावर हात मारून घ्यायच्या. अहो, विकायला बसलेली बाई गिऱ्हाइकाला अंडी करायला सांगते, हे कुठं ऐकलंय का? पण त्याच बायका घरी पाहुणे यायचे असले की मावशीच्या टोपलीकडं हळूच डोकावून बघायच्या, हेही तितकंच खरं.

मसाल्याचा धंदा मात्र तिनं काही ठरवून सुरू केला नव्हता. बेलापूरला सोसायटीत राहणाऱ्या नंदिनीताई तिच्याकडं दर रविवारी यायच्या. शाळेत शिकवायच्या, बोलायला गोड, पण एक तक्रार त्यांनी कधी सोडली नाही. मासळी तुमची, कृती तुम्ही सांगितलेली, तरी कालवण काही तुमच्यासारखं होत नाही, असं दर खेपेला त्यांचं चालायचं. मावशीला वाटलं, ही बाई आडून आडून माझ्या माशाला नावं ठेवते की काय! पुढच्या रविवारी तिनं घरच्या बरणीतला मसाला कागदात बांधून आणला आणि पुडी त्यांच्या पिशवीत कोंबली.

नंदिनीताईंचे यजमान सुधीरराव हे सांगलीकडचे. समुद्राकाठच्या लोकांनी मासे पकडावेत, मिरचीतलं काय ते आम्हा घाटावरच्यांना कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. त्या दिवशी त्यांनी तिसऱ्यांदा भात वाढून घेतला, ताट चाटूनपुसून लख्ख केलं आणि म्हणाले, "बरा आहे." आपल्या लग्नातल्या जेवणालासुद्धा त्यांनी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. नंदिनीताईंनी वर्षभराचा मसाला सांगून टाकला, मग त्यांच्या शेजारणीनं सांगितला, मग शाळेतल्या बाईंनी, आणि मावशी बघता बघता मसालेवाली झाली.

आता वर्षाचा मसाला म्हणजे काय चीज आहे ते करणाऱ्यालाच माहीत. उन्हाळ्यात एकदा करायचा, बरणीत भरायचा आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत रोज त्यातनंच चमचा काढायचा. बिघडला तर घराची वर्षभराची चव गेली. मावशी वाशीच्या मार्केटात जाऊन मिरची स्वतः निवडायची. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी. घरी आणली की गच्चीवर पसरायची आणि तीन कडक उन्हं द्यायची. तीन म्हणजे तीन. मिरची कानाशी धरून हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे, देठ मोडला की कट्ट वाजला पाहिजे. मग निवडणं, खडा मसाला भाजणं, आणि शेवटी गिरणीतल्या डंकावर कुटून आणणं. घरी आणल्यावर तिची एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या तळहातावर ती चमचाभर मसाला ठेवायची आणि सांगायची, मूठ दाबा, आता उघडा. मसाला सुका असेल तर बोटांमधून भुरभुर खाली सांडतो. जरा जरी ओल असेल, तर मुठीचा आकार धरून तळहातावर तसाच बसून राहतो. माशाला कल्ला तशी मसाल्याला मूठ, असा तिचा सरळ हिशेब.

पहिली काही वर्षं सगळ्यांनी मूठ उघडून बघितली. पुढं लोकांना कंटाळा आला. हात लाल होतो मावशी, ऑफिसला जायचंय, तुमच्याकडं काय बघायचं असतं, असं हसून म्हणायचे आणि बरणी पुढं करायचे. मग मावशीचा मुलगा हितेश मासळीच्या टेम्पोतून मसाला घरोघर पोचवायला लागला, तेव्हा तर बरण्या गेटवरच्या वॉचमनकडं राहायला लागल्या. सुनेनं, उन्नतीनं, फोनवर गिऱ्हाइकांचा ग्रुप केला. न बघता घेतात, याचा मावशीला आतून फार मान वाटायचा. मूठ कधी बंद पडली ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ईश्वरीचं लग्न निघालं. ईश्वरी म्हणजे मावशीच्या दिराची, नामाची, मुलगी. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं वाढली ती मावशीच्याच कडेवर. दोन्ही भावांची घरं एकाच इमारतीत, वर गच्ची एक. गावात अंगणं आता उरलीत कुठं? हळद गच्चीवरच करायची ठरली. आणि आमच्या कोळ्या-आगऱ्यांची हळद म्हणजे काय विचारता! लग्नाला एखादा नाही आला तर चालतं, हळदीला सगळं गाव येतं. मांडववाले आणि साऊंडवाले ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच दारात हजर झाले, तेव्हा गच्चीवर मिरची दुसरं ऊन खात पडली होती.

नामा खालून ओरडायला लागला. मावशीनंच सांगितलं, भरून ठेवा पोत्यांत, मांडव निघाला की उरलेलं ऊन देऊ. पोती जिन्याखालच्या कोपऱ्यात गेली. हळदीच्या संध्याकाळी मावशी अशी नाचली की नवऱ्यामुलाकडच्या बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना कुरकुरणारी बाई ती हीच का, असं नामालासुद्धा वाटून गेलं. मग लग्न झालं, पाठवणी झाली, ईश्वरी उरणला सासरी गेली आणि मावशीच्या डोळ्याचं पाणी काही खळेना. अशात उन्नतीनं विचारलं, कोपऱ्यातली पोती डंकावर न्यायची का? मावशी म्हणाली, ने. डंकावरचा माणूस म्हणालासुद्धा की मावशी, मिरची जरा चिवट लागतेय. तर त्यालाच तिनं सुनावलं की तुझा डंक म्हातारा झालाय, त्याला दात बसवून घे. मसाला झाला, बरण्या भरल्या, टेम्पोतून घरोघर गेल्या. संपलं.

मे अर्ध्यावर आला तेव्हा ईश्वरी पहिल्यांदा माहेरी आली. तिला आवडतं म्हणून मावशीनं कोलंबीचं कालवण गॅसवर ठेवलं आणि मसाल्याच्या बरणीत हात घातला. हाताला गोळा लागला. तिनं थोडा मसाला तळहातावर घेतला, मूठ दाबली, उघडली. मसाला बसून राहिला. बोटांच्या खुणा त्याच्यावर जशाच्या तशा.

 मांडववाले, नामाची ओरड, जिन्याखालची पोती, सगळं मावशीच्या डोळ्यांपुढून गेलं. एक ऊन राहिलं होतं. ईश्वरी रडवेली होऊन म्हणायला लागली की माझ्या हळदीनं घात केला. मावशीनं तिला गप्प केलं. हळद तुझी, पण मिरची माझी, असं म्हणून तिनं आधी कालवणाचा गॅस बंद केला.

संकट नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मसाला त्या दिवशी चवीला चांगलाच होता. वासाला, रंगाला काही म्हणजे काही कमी नव्हतं. पण पावसाळी हवा सुटली, की आत राहिलेली ती ओल काम करणार आणि घराघरांतल्या बरण्यांत पांढरी बुरशी धरणार. मग तिच्या नावानं लोक काय म्हणतील? हवा सुटायला फार दिवस उरले नव्हते. त्याच्या आत तो सगळा मसाला परत आणायचा, नवी मिरची आणायची, तिला तीन उन्हं द्यायची आणि नवा मसाला घरोघर द्यायचा. हंगामाची सगळी कमाई त्यात जाणार, ते वेगळंच.

हितेशला हे पटेना. तो काही वाईट मुलगा नाही, पण धंद्याची काळजी त्यालाही होती. आपण होऊन सांगितलं तर पुढच्या वर्षी कोण घेईल, असं त्याचं म्हणणं. त्यापेक्षा सगळ्यांना कळवू की मसाला फ्रिजमध्ये ठेवा. मावशी म्हणाली, "मसाला हाय का कोथिंबीर? लोकांनी आपल्यावर सोडलंय ना सगळं? मग आपनच सांगायचं." एवढ्यावर तो विषय मिटला, कारण त्या घरात मावशीच्या ‘मग’नंतर कुणी बोलत नाही.

उन्नतीनं ग्रुपवर छानपैकी लिहिलं की मसाल्यात ओल राहिली आहे, कृपया परत द्यावा, नवा करून देऊ. आता गंमत बघा. लोकांनी हसरे चेहरे पाठवले. कुणी हात जोडले. एका बाईंनी विचारलं की आज एप्रिल फूल आहे का? आणि मग सुधीररावांचा मजकूर आला. ते त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी, नोटीस काढायची त्यांना सवय. "सावधान. सगुणाताईंचा मसाला खराब असणं शक्य नाही. कोणीतरी त्यांचा फोन ताब्यात घेतलेला दिसतो. कोणीही मसाला देऊ नये." झालं! सगळ्यांनी त्यांचे आभार मानले. ओटीपी मागितला तर देऊ नका, असंही एकानं बजावलं. हितेशनं वैतागून आईच्या आवाजातला निरोप टाकला, तर उत्तर आलं की हल्ली आवाजसुद्धा बनवता येतात.

शेवटी मावशी टेम्पोत बसून स्वतः निघाली. पहिल्या घरी बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि हितेशला बाजूला घेऊन विचारलं की मावशींचं बीपी तपासलंय ना? दुसऱ्या घरी बरणी स्वयंपाकघरात दिसत होती, तरी संपला म्हणून सांगितलं. एवढ्यात वर्षाचा मसाला संपला? काय, अंघोळ केलीत का त्याच्यानं? तिसऱ्या घरी दिला, पण वाटीभर काढून घेतला, आज पाहुणे आहेत म्हणून. इतकी वर्षं जो विश्वास तिनं कमावला तोच आता दार अडवून उभा राहिला होता, आणि त्याच्याशी भांडायचं कसं ते तिला उमगेना. टेम्पोत येऊन बसली तेव्हा तिला हसूही येत होतं आणि रडूही. हितेश मात्र मनापासून हसत होता. म्हणाला, आई, दुकानदार खराब माल परत घेत नाहीत म्हणून भांडणं होतात, आपल्याला लोक परत देत नाहीत.

मग तिनं ओळखलं की सुधीररावांना गाठल्याशिवाय गाडं पुढं सरकायचं नाही. ते दारातच उभे राहिले. मसाला उत्तम आहे, कालच खाल्ला, त्यांनी निकाल दिला. मावशीनं काही वाद घातला नाही. नंदिनीताईंकडून बरणी मागून घेतली आणि चमचाभर मसाला सुधीररावांच्या तळहातावर ठेवला. मूठ दाबा म्हणाली. दाबली. उघडा म्हणाली. उघडली. मसाला मोदकासारखा हातात बसलेला.

सुधीरराव म्हणाले, माझ्या हाताला घाम येतो. नंदिनीताई म्हणाल्या, मग माझ्या हातावर ठेवा. तोच प्रकार. सुधीररावांनी हात धुऊन, पुसून, पंख्याखाली धरून, पुन्हा एकदा करून बघितलं.  मग स्वतः पिशवी आणून बरणी तिच्यात ठेवली आणि फोन काढून ग्रुपवर लिहिलं की आधीची सूचना रद्द समजावी, मी स्वतः खात्री केली आहे. त्यानंतर मात्र वाटीभर काढून ठेवलेलेसुद्धा मुकाट्यानं टेम्पोपाशी आले.

सगळ्यात शेवटी सीवूड्सचं घर राहिलं होतं. राजेश्वरी नावाची मुलगी, त्याच वर्षी अकोल्याहून नवऱ्याच्या बदलीमुळं इकडं आलेली. ग्रुपवर सगळे मावशीचं गुणगान करत होते म्हणून तिनंही मसाला मागवला होता. तिनं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि बरणी लगेच आणून दिली. ना प्रश्न, ना हसणं. मावशीला हायसं वाटलं. नवा कधी मिळेल ते ती सांगायला लागली, तर राजेश्वरी म्हणाली की आता राहू द्या, मी दुसरीकडून आणलाय. याच्या गुठळ्या झालेल्या मला आधीच दिसल्या होत्या.

मावशीनं विचारलं, मग सांगितलं का नाहीस गं?

"सगळे इतकं चांगलं म्हणतात," राजेश्वरी म्हणाली, "मला वाटलं, तुमचा असाच असतो."

ती रागानं बोलली नव्हती, टोमणा नव्हता, पण दिवसभरात कुणी काही बोललं नाही तेवढं त्या एका वाक्यानं मावशीला लागलं. खरंच तर होतं. या मुलीच्या हातावर कुणी मसाला ठेवला होता? तिची बरणी वॉचमनकडून भरून आली आणि तिनं घेतली. परतताना टेम्पोत हितेशनं गाणी लावली नाहीत.

परत आलेला मसाला नामानं इमारतीच्या मागं शेवग्याखाली खड्डा खणून पुरला. शिंकून शिंकून त्याचा जीव गेला. यंदा शेंगा तिखट येणार म्हणून सगळी आळी त्याला चिडवत होती. मावशी वाशीला जाऊन नवी मिरची घेऊन आली. हंगाम संपत आलेला, चांगली बेडगी मिळेना, पण तिनं पोत्यापोत्यात हात घालून निवडली. अडचण निघाली ती जागेची. एवढी सगळी मिरची एकाच वेळी वाळवायची तर तिची गच्ची पुरणारी नव्हती, आणि पाळीपाळीनं वाळवायला दिवस नव्हते.

हे नंदिनीताईंना कळलं, आणि त्यांनी घरात विषय काढला. आता त्यांच्या सोसायटीच्या गच्चीला कुलूप असायचं आणि दारावर पाटी होती: गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे, आदेशावरून, सेक्रेटरी. सेक्रेटरी कोण ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीररावांनी किल्ली घेऊन स्वतः कुलूप काढलं. हितेशनं पोती वर नेली, मावशीनं चादरी अंथरल्या, आणि मिरचीनं गच्ची लाल झाली. सुधीरराव डोक्याला पंचा गुंडाळून हातात काठी घेऊन कबुतरं हाकत बसले. बसले ते नेमके त्या पाटीखाली. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि त्या दिवशी पुन्हा एकदा सगळ्यांनी त्यांचे आभार मानले.

गिऱ्हाइकं एकेक करून वर यायला लागली. देठ मोडायला हात लागले, शिंका सुरू झाल्या, चहाचे थर्मास आले. ज्या बायका एकमेकींना लिफ्टमध्ये नुसत्या मान हलवायच्या त्या मिरच्या निवडताना एकमेकींच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकायला लागल्या. आपण पैसे देऊन घेतलेला मसाला आता आपल्याच हातानं करतोय, हे एकीच्या ध्यानात आलं, तर बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं.

पहिलं ऊन चांगलं लागलं. दुसरं त्याहून. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले. पाऊस नाही पडला, पण उजेड नुसता पिवळा पडून राहिला. संध्याकाळी सगळे म्हणायला लागले, झाली की मिरची, द्या डंकावर. हितेश म्हणाला, उन्नती म्हणाली, मिरची हलवून बघितली तर बी वाजतही होतं. मावशी नाही म्हणाली. हे ऊन धरायचं नाही, उद्याचं बघू. उद्या पाऊस आला तर सगळंच गेलं, हे तिलाही कळत होतं. तीन दिवसांची मेहनत आणि हाताशी होतं नव्हतं ते सगळं त्या गच्चीवर पसरलेलं होतं.

सुधीरराव तिची समजूत घालायला लागले. "अहो मावशी, एवढं कोण बघतंय? आम्ही तर डोळे मिटून घेतो तुमच्याकडून."

मावशी मिरचीवर चादर ओढत होती. ती थांबली.

"तेच तर झालं ना सायेब," ती म्हणाली. "तुमी बघायचं सोडलंत, मग मीपन बघायचं सोडलं."

 सुधीररावांनी चादरीचं दुसरं टोक धरलं.

त्या दिवशी गच्ची झाकून सगळे खाली उतरले आणि प्रत्येकानं आपापल्या खिडकीतून दहादा तरी आभाळ बघितलं असेल. सकाळी ऊन आलं ते असं, की दहा वाजता गच्चीवर अनवाणी पाय ठेववेना. मावशीनं मिरची हातानं खालीवर केली, कानाशी धरली, देठ मोडला. डंकावरच्या माणसानं मिरची हातात घेऊन बघितली आणि मान डोलावून मशीन चालू केलं. मावशीनं त्याच्या हातावर दोन ओले बोंबील ठेवले आणि तुझा डंक तरुण झाला म्हणून सांगितलं. नवा मसाला घरोघर गेला आणि या वेळी मावशी प्रत्येक दारात जातीनं गेली. मूठ उघडून दाखवल्याशिवाय बरणी सोडली नाही. ऑफिसला निघालेल्यांनासुद्धा तिनं सोडलं नाही. दोघा-तिघांनी लाल हातानं मीटिंग केल्या म्हणतात.

राजेश्वरीनं मसाला नको म्हटलं होतं, म्हणून मावशीनं तिच्याकडं मसाला नेला नाही. तिची बरणी मात्र घासून, उन्हात वाळवून, फडक्यात गुंडाळून परत दिली. राजेश्वरीनं ती घेतली, बसा म्हणाली, चहा केला. मसाल्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

पावसाळा गेला. कुणाच्याही बरणीत काही झालं नाही. हितेशची धास्ती फोल ठरली आणि यंदाच्या उन्हाळ्यात ग्रुपवर मागणी इतकी आली की उन्नतीनं पुरे म्हणून सांगितलं. मावशीनं एकच अट घातली: मसाला टेम्पोतून येणार नाही, वॉचमनकडं राहणार नाही, ज्याला हवा त्यानं दिवाळ्याला यायचं आणि मूठ उघडून न्यायचा. लोक कुरकुरले आणि आले. पहिल्या दिवशी मावशीच्या दारात चपलांचा ढीग पडला. सुधीररावांनी सगळ्यांच्या आधी मूठ उघडली, भुरभुर सांडलेला मसाला पायजम्यावरून झटकला आणि म्हणाले, "बरा आहे." नंदिनीताईंनी मावशीकडं बघून डोळे मिचकावले.

पण खरं सांगायचं तर मावशीचं ध्यान त्या गर्दीत नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या मागं ती बघत होती. तो दिवस गेला, दुसरा गेला. उन्नतीनं न विचारताच सांगितलं की राजेश्वरीनं नाव दिलेलं नाही.

हंगाम सरत आला तेव्हा एका दुपारी, बाजार आटपून मावशी ओट्यावर टेकली होती, तर समोर रिक्षा थांबली. राजेश्वरी उतरली. हातात कापडी पिशवी. मावशी लगबगीनं उठली, आत जाऊन मसाल्याचा डबा घेऊन आली. ये गं, बस गं, सगळं एका दमात म्हणून झालं.

राजेश्वरी बसली नाही. तिनं हात पुढं केला. मावशीनं चमचाभर मसाला त्या हातावर ठेवला. तिनं मूठ दाबली, उघडली, आणि मसाला बोटांमधून ओट्यावर सांडला.  मग दुसरा हात पुढं केला. मावशीनं पुन्हा मसाला ठेवला. पुन्हा सांडला. मग तिनं डब्यात स्वतःच चमचा घालून अगदी तळातला मसाला काढला आणि तिसऱ्यांदा मूठ दाबली. घरातून उन्नती बघत होती, तिला राग यायला लागला. इतकं कुणी बघतं का? मावशी मात्र ओट्याला टेकून उभी होती, आणि वर्षभरात आली नसेल एवढी खुशी तिच्या चेहऱ्यावर पसरत चालली होती.

तिसरी मूठ उघडली. राजेश्वरीला एक सणसणीत शिंक आली, दोघीही हसल्या. लाल हातानंच तिनं पिशवीतून बरणी काढली, गेल्या वर्षी मावशीनं घासून दिलेली तीच, आणि मावशीच्या पुढं ठेवली.

"भरा," ती म्हणाली.